मेश्राम बहनजींचं विमान

रत्नमाला मेश्राम आधी माझी शेजारीण झाली आणि मग सहकारी. पांढुर्ण्याला स्टेशनच्या मागच्या गल्लीत आमची भाड्याची घरं भिंतीला भिंत लागून होती, आणि सौसरच्या मुलींच्या शाळेत आमच्या खुर्च्या एकाच टेबलाला होत्या. सकाळची बसही एकच. मला तिच्यापासून लांब जायला जागाच नव्हती.

मी इतिहास शिकवत होते, ती शिवण. मी एम.ए., तिच्याकडे शिवणाचा डिप्लोमा. हे इथे लिहायचं काही कारण नाही, पण त्या दिवसांत मी हे मनातल्या मनात रोज म्हणत असे, म्हणून लिहिते.

ती उंच होती, अंगाने भरलेली, आवाज शाळेच्या घंटेला लाजवणारा. साडीच्या खांद्यावर चार-सहा टाचण्या कायम खोचलेल्या असायच्या, आणि बोलता बोलता त्यातली एक काढून ती दातात धरायची. मग दातातल्या टाचणीसकट हसायची. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा, तिला काही व्हायचं नाही. अनोळखी बाईच्या पदराचं टोक सरळ हातात घेऊन दोन बोटांत चोळायची आणि म्हणायची, "हे कापड दोन धुण्यात जाते बाई, कुठून घेतलं?" त्या बाईला राग यायला हवा. यायचा नाही. उलट सौसरचा स्टँड येईपर्यंत ती बाई आपल्या सुनेचं, जावयाचं, संत्र्याच्या बगिच्यातल्या भांडणाचं सगळं सांगून मोकळी व्हायची. मी त्याच बसने तिच्या आधीपासून जात होते. माझ्याशी कोणी 'जरा सरका' याच्यापलीकडे बोललं नव्हतं.

कोणतंही अवघड काम समोर आलं की ती म्हणायची, "उसवलं तं उसवलं." बडी बहनजी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, स्नेहसंमेलनाला सगळ्या मुलींसाठी एकसारखे पोशाख आठवड्यात हवेत म्हणाल्या, तेव्हाही हेच. पोशाख झाले. दोन मुलींच्या बाह्या स्टेजवरच उसवल्या, तेव्हा तीच सगळ्यात मोठ्याने हसली. माझ्या हातून असं झालं असतं तर मी महिनाभर शाळेत मान वर केली नसती.

आता माझ्या आलमारीबद्दल सांगते. स्टाफरूमच्या कोपऱ्यात काचेची एक आलमारी होती. तिच्यात शेतांतून सापडलेली दगडी हत्यारं, भोसल्यांच्या काळातली नाणी, एका वीरगळाचा तुटका तुकडा आणि जिनिंगमधला जुना पितळी तराजू होता. हे सगळं मी जमवलं होतं. कुठे नांगराला काही लागलं असं कळलं की रविवारी मी तिथे जायची. सौसरला एक छोटंसं संग्रहालय व्हावं, निदान एक खोली तरी मिळावी, म्हणून मी बडी बहनजींना दरवर्षी विनंती करत होते. त्या दरवर्षी 'बघू' म्हणायच्या. वरचे साहेब तपासणीला आले की आलमारीपुढे उभे राहून 'वा, सुंदर' म्हणायचे आणि चहाकडे वळायचे. तरी ती आलमारी माझी होती, आणि त्या शाळेत दुसऱ्या कोणाकडे तसलं काही नव्हतं.

विमानाची गोष्ट तिने मला पहिल्यांदा बसमध्येच सांगितली. ती मूळची रामाकोना गावची.

"मी साहा-सात वर्षांची असंन," ती म्हणाली. "आमच्या मोहल्ल्यामांगच्या पऱ्हाटीत, कापसाच्या वावरात, विमान उतरलं. उतरलं म्हंजे पडलंच अर्धं. सारं गाव धावलं. आमच्या लोकायले पुढे जाऊ देत नोहते. तेव्हा आमी बौद्ध झालो नोहतो, कुंदाताई, तवाचा जमाना निराळा. मी मानसायच्या पायातून घुसली अन् पंखाले हात लावला. अवो, कापड! मले वाटे लोखंड असंन. लुगड्यावानी कापड!"

पंख फाटला होता म्हणे. वैमानिकाने विचारलं, शिवता कोणाला येतं? तिची आई पुढे झाली. लोक म्हणाले, तू कशाला. पण त्या परक्या माणसाला कोण कोणाचं ते काय ठाऊक. त्याने सुई तिच्या आईच्याच हातात दिली. आईने टाके घातले, मग बैल जुंपून विमान पडीक वावरात नेलं आणि तिथून ते उडून गेलं.

"याला पुरावा काय?" मी विचारलं. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला ही खोडच असते.

"मी हाओ नं," ती म्हणाली आणि पुढच्या सीटवरच्या बाईला तीच गोष्ट सांगायला लागली.

ती गोष्ट खरी की खोटी, हे मला आजही माहीत नाही. पण खोटी असली तरी ती माझ्याकडे नव्हती. माझ्या लहानपणी आमच्या वावरात काहीही उतरलं नाही.

देवरावजी नावाचे संत्र्याचे एक व्यापारी पांढुर्ण्याला होते. त्यांची मुलगी रत्नमालाबाईंच्या वर्गात. त्यांचे ट्रक हंगामात संत्रा घेऊन उत्तरेकडे जायचे आणि रिकामे परत यायचे. त्यांच्या ड्रायव्हरने एकदा सहज सांगितलं, की तिकडच्या एका मोठ्या शहरात विमान शिकवायचा क्लब आहे, आणि त्यांच्या मागच्या शेडमध्ये जुनी, दुहेरी पंखांची, कापडाची विमानं मोडून पडली आहेत. झालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाई एकटी रेल्वेत बसून तिकडे गेली.

परत आली ती संध्याकाळी, सामान घरात न ठेवता सरळ आमच्या अंगणात. आमचे हे, म्हणजे मनोहरराव, पांढुर्णा स्टेशनवर पार्सल ऑफिसात होते. तेही नुकतेच ड्युटीवरून आले होते.

"देऊन राहिले!" ती म्हणाली. "पहिले तं दारातच उभं केलं मले. साहेब म्हने, विमान आमी एकट्या मानसाले देत नाही, संस्था पाहिजे. त्याच्यावर छप्पर पाहिजे, पाहनारं मानूस पाहिजे. मी म्हनलं, आहे नं संस्था. सौसरचं संग्रहालय."

"कोणतं संग्रहालय?" मी विचारलं.

"तुमचं! म्हनलं, आमच्या इतिहासाच्या बहनजी चालवतात, एम.ए. आहेत. दगडाची हत्यारं आहेत, नाणी आहेत. मंग साहेबानं खुर्ची देली बसाले." तिने टाचणी दातात धरली. "तुमच्या आलमारीनं काम केलं, कुंदाताई."

हे हसले. तिच्याबरोबर खूप वेळ हसत राहिले. मी पाणी आणायला आत गेले. इतकी वर्षं त्या आलमारीने माझ्यासाठी एक खोली मिळवली नव्हती, आणि तिच्यासाठी एका खेपेत विमान मिळवलं.

क्लबने विमान कायमचं दिलेलं नव्हतं. ते फक्त ठेवायला आणि लोकांना दाखवायला दिलं होतं. उडवायचं नाही, विकायचं नाही, त्याचा एकही भाग काढून दुसरीकडे लावायचा नाही, आणि त्यांनी मागितलं तर परत करायचं. त्याआधी त्यांचा माणूस येऊन जागा बघणार होता.

जागा तिने त्याआधीच हेरली होती. सौसरहून बोरगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक जिनिंग बंद पडलं होतं. त्याची कापसाची शेड रिकामी होती, दार बैलगाडी वळवता येईल एवढं रुंद. मालकाची बायको आमच्या शाळेची जुनी विद्यार्थिनी निघाली. तिच्या लग्नातला शालू रत्नमालाबाईंनी फॉल-पिको करून दिला होता. शेड मिळाली.

क्लबचे म्हातारे इंजिनियर आले. पातळ, गोरे, हातात काठी. ते हिंदीत बोलायचे आणि कमी बोलायचे. शेडमध्ये शिरल्या शिरल्या त्यांनी आधी वर पाहिलं. "छत टपकती है?" मग खाली पाहिलं. कोपऱ्यात सरकी सांडलेली होती. ते म्हणाले, ही सगळी काढा, नाहीतर उंदीर येतील आणि पंखांत घर करतील. पश्चिमेच्या खिडक्यांना पडदे लावा, कापडाला ऊन सगळ्यात आधी मारतं. विमान चाकांवर उभं ठेवायचं नाही, रबर बसतं. खाली लाकडी घोडे करा आणि वजन त्यांच्यावर घ्या. आणि आत कोणी बिडी ओढायची नाही, कारण कापड आखडून घट्ट व्हावं म्हणून त्यावर जे औषध लावतात ते पेट्रोलसारखं पेटतं.

"घोडे मी करतो," असं कोणीतरी म्हणालं. मी वळून पाहिलं तर आमचे हे.

माझ्या घरातल्या पाटाचा पाय मोडून वर्ष झालं होतं. तो तसाच होता.

विमान आलं ते देवरावजींच्या परतीच्या ट्रकमधून. पंख काढून आडवे ठेवलेले, खाली संत्र्याच्या पेट्यांतलं तणस अंथरलेलं. मधलं धड ताडपत्रीत गुंडाळलं होतं. ट्रक सौसरच्या चौकात आला तेव्हा शाळेत माझा तास चालू होता. मी मुघल राज्याच्या ऱ्हासाची कारणं सांगत होते. चौथ्या कारणाला वर्गात खिडकीजवळच्या मुली उठल्या, पाचव्याला सगळा वर्ग. 'बहनजी, जाऊ द्या नं' हे म्हणायलाही कोणी थांबलं नाही. मी खडू ठेवला. बाहेर आवाज होता, कोणीतरी ढोल आणला होता. चौकात भाजीवाल्या बाया ट्रकवर चढून पंखाला हात लावत होत्या, आणि ती ट्रकच्या टपावर उभी राहून ओरडत होती, "हळू वं बायांनो! कापड जुनं आहे, बोट घुसंन!"

पाच वर्षं शेतांतून फिरून मी जे जमवलं, ते पाहायला ढोल कधी वाजला नव्हता.

पुढची दीड-दोन वर्षं त्या शेडमध्ये काय चाललं, ते मी बरंचसं घरी बसून ऐकलं. यांची ड्युटी सुटली की हे बोरगाव रस्त्याला. रविवारी सकाळीच. विमानाचं कापड कुजलेलं होतं. ते सगळं काढलं. आत लाकडाच्या बारीक फासळ्या, त्यांच्यावर कुठे कुठे पक्ष्यांची घरटी, उंदरांनी जमवलेला कापूस. हे एकेक फासळी पॉलिश कागदाने घासायचे. कोष्ट्यांकडून घट्ट विणीचं सुती कापड खास विणून घेतलं. शिवणाच्या वर्गातल्या मुली शाळा सुटल्यावर तिथे जाऊन शिवायच्या. कापड चढलं की त्यावर ते औषध ब्रशने लावायचं. त्याचा वास पिकलेल्या केळीसारखा, पण डोक्यात चढणारा. आमच्या घरात, यांच्या सदऱ्याला, उशीला, टॉवेलला तो वास राहिला. मी सदरा दोनदा धुवायची. वास जायचा नाही.

"तिथे तुम्ही बोलता तरी काय इतका वेळ?" मी एकदा विचारलं.

"काय बोलणार? कात्री द्या, दोरा द्या," हे म्हणाले, आणि हसले. कशाला हसले ते सांगितलं नाही.

तिच्या हातून चुकाही झाल्या, हे लिहायला हवं. म्हाताऱ्या इंजिनियरांनी बजावलं होतं, कापड ढिलं चढवा, औषध लागलं की ते आपोआप आखडतं. हिने ऐकलं नाही. शिवणाच्या बाईला ढिलं कापड बघवत नाही. खालच्या डाव्या पंखावर तिने कापड तबल्याच्या पुडीसारखं ताणून बसवलं. औषध वाळलं तशा आतल्या फासळ्या वाकल्या आणि एक कडकन मोडली. महिन्याभराचं काम गेलं. मी ती बातमी ऐकून मुद्दाम शेडवर गेले. तोंड पाडून बसली असेल असं वाटलं होतं.

तोंड कसलं पाडते! पोरी गोल करून उभ्या, आणि ही कात्रीने स्वतःचे टाके कापत सांगत होती, "पाहून घ्या वं पोट्ट्यांनो, तुमच्या बहनजीची अक्कल कशी मोडली ते. उसवलं तं उसवलं. चला, दुसरं कापड काढा." पोरी हसत होत्या. मलाही हसायचं होतं, पण मी ज्या कामाला आले होते ते तिने माझ्याआधीच उरकून टाकलं होतं.

त्याच हिवाळ्यातली गोष्ट. दुपारी शाळेला सुट्टी होती, यांचा डबा घरी राहिला म्हणून मी शेडवर घेऊन गेले. आतून हसण्याचा आवाज आला, बाईचा आणि माणसाचा. विमानात एकामागे एक अशा दोन उघड्या जागा होत्या. पुढच्या जागेत आमचे हे बसले होते, मागच्या जागेत ती. यांच्या डोक्यावर रुमाल बांधलेला. हे तोंडाने इंजिनाचा आवाज काढत होते.

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हा माणूस माझ्यासमोर कधी शीळसुद्धा घालत नसे.

"या नं कुंदाताई!" तिने मागूनच हात हलवला. "नागपूर गेलं, आता इटारशी येऊन राहिलं! भाऊजी, उतरा, ताईले बसवा."

हे उतरायला लागले. मी डबा घोड्यावर ठेवला आणि म्हटलं, "पोळ्या गार होतील," आणि निघाले. रस्त्यात मला वाटलं, तिने मुद्दाम काही केलेलं नाही. त्यांच्यात तसं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तसं काही असतं तर बरं झालं असतं, निदान मला भांडता आलं असतं. माझ्या माणसातला एक लहान मुलगा तिला सापडला होता, आणि तो मला कधी सापडला नव्हता. याच्यासाठी कोणाशी भांडायचं?

विमान पूर्ण झालं. पिवळं रंगवलं. दर रविवारी लोक बघायला यायचे. छिंदवाड्याहून शाळांच्या बस यायच्या. बगिचेवाले लग्नाच्या वऱ्हाडाला घेऊन यायचे. उन्हाळ्यात शेडच्या खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लावून हे आणि ती पाणी मारायचे, कारण उष्णतेने लाकूड सुकतं. तरी ते सुकतच होतं.

मग त्याच मोठ्या शहरातून माणसं आली. दोघं होते. एक तिथल्या संग्रहालयाचा तरुण, हातात पांढरे मोजे घातलेला. दुसरे आमचे ओळखीचे म्हातारे इंजिनियर, आता जास्त वाकलेले. क्लबने आपले जुने कागद चाळले होते आणि धडाच्या नळीवरचा क्रमांक पाहायला या दोघांना पाठवलं होतं. तो क्रमांक पाहून त्या तरुणाने मोजे काढले आणि कपाळावरचा घाम पुसला. विमानांची ही जात आपल्या देशात जोडली जाऊ लागली तेव्हाच्या अगदी पहिल्या काहींपैकी हे होतं. बाकीची कुठे पडली, कुठे भंगारात गेली. हे एकच सबंध उरलं होतं.

त्याने स्वच्छ सांगितलं. विमान आमच्या संग्रहालयाला द्यायला क्लब तयार आहे. पण तुम्ही ते वाचवलं आहे, म्हणून तुमच्या मनाविरुद्ध नेणार नाही. तुम्ही 'नाही' म्हणालात तर राहू देऊ.

गावात हां हां म्हणता पसरलं. देवरावजी आले, जिनिंगचे मालक आले, बडी बहनजी रिक्षातून आल्या. सगळ्यांचं एकच म्हणणं, द्यायचं नाही. "आमच्या पोरीबाळींनी शिवलं, अन् आता तुमी नेऊन राहिले!" देवरावजी त्या तरुणावर ओरडले.  आमचे हे घोड्याच्या लाकडावर हात ठेवून उभे होते.

रत्नमालाबाईंनी इंजिनियरांना विचारलं, "इथं ठेवलं तं किती दिवस टिकंन? खरं सांगा, साहेब."

म्हाताऱ्यांनी तिला पंखाच्या मुळाशी नेलं. वरच्या झडपेतून तिचा हात आत घातला. लाकडाचे सांधे जुन्या सरसाने जोडलेले होते, दुधापासून करतात तो सरस. तिने बोट बाहेर काढलं तर बोटाला पिवळट भुकटी लागलेली. इथल्या उन्हाळ्याने आणि पावसाने सरस मरत होता. तिकडे बंद हॉल होता, हवा कायम सारखी ठेवणारी यंत्रं होती, सांधे उघडून पुन्हा जोडणारे कारागीर होते.

"आणि कापड?" तिने विचारलं.

तरुण थोडा अडखळला. कापड काढावं लागेल, म्हणाला. सांधे उघडायचे तर काढावंच लागेल. शिवाय मूळचं कापड वेगळ्या विणीचं होतं, ते तसंच परत आणायचं असतं. हे टाके सुंदर आहेत, पण ते विमानाचे नाहीत.

 शिवणाच्या वर्गातल्या मुली दारात उभ्या होत्या. मी तिच्याकडे पाहत होते. मला कबूल केलं पाहिजे की मी वाट पाहत होते. तिचंही काहीतरी कोणीतरी 'सुंदर' म्हणून बाजूला सारत होतं. कसं लागतं ते, हे आता तिला कळेल असं मला वाटत होतं.

तिने बोटावरची भुकटी पदराला पुसली.

"न्या," ती म्हणाली. "पन टाके दुसऱ्या कोनी कापाचे नाहीत. आमी घातले, आमीच काढू."

देवरावजी रागाने निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आणि मुलींनी विमान उसवलं. शिवायला दीड वर्ष लागलं होतं, उसवायला एक दुपार. पोरी रडत होत्या, ती रडली नाही; पण त्या दिवशी तिच्या दातात टाचणी नव्हती आणि आवाजही नव्हता. कापलेल्या कापडाचे पिवळे तुकडे तिने मुलींना घरी नेऊ दिले. रस्त्याने लोक जमले होते. ट्रक निघाला तेव्हा बायांनी पदर डोळ्यांना लावले. सौसरला एखादी लेक सासरी निघाल्यावर होतं तसं झालं. आमचे हे ट्रकबरोबर चौकापर्यंत चालत गेले.

मी शेडच्या दारात एकटी उभी होते. माझी आलमारी कोणी उचलून नेली असती तर या रस्त्यावर कोण उभं राहिलं असतं, हे मी मोजत होते. तिचं जे होतं ते गेलं होतं, आणि तरीही त्या दिवशी हेवा मलाच वाटत होता. तिच्याकडे जाण्यासारखं काहीतरी होतं.

महिन्याभराने तिने शेडची किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. मालकाशी बोलून आली होती. "संग्रहालय पाहिजे होतं नं तुमाले? घ्या. छप्पर चांगलं आहे, मोठ्या साहेबानं पाह्यलेलं."

मी आलमारी तिथे हलवली. पुढे आणखी दोन आलमाऱ्या झाल्या, भिंतीला तक्ते लागले. सौसरचं संग्रहालय झालं आणि ते मी चालवलं. रविवारी लोक यायचे, दारातून आत पाहायचे आणि विचारायचे, "विमान कुठं आहे?"

आणि तीही गेली. मोठ्या शहरातल्या त्या संग्रहालयाने तिला बोलावलं. म्हाताऱ्या इंजिनियरांनीच सांगितलं होतं म्हणे, की टाका घालणारा हात मिळतो, पण आपलाच टाका कापणारा हात सहज मिळत नाही. बिनपगारी रजा घेऊन वर्षभरासाठी गेली, मग रजा वाढवली, मग राजीनामा आला. शेजारच्या घरात तहसीलमधला एक कारकून राहायला आला. भला माणूस होता. भिंतीपलीकडून काही ऐकू यायचं नाही.

यांच्या चुलत बहिणीच्या मुलाचं लग्न त्या शहरात निघालं, तेव्हा आम्ही तिला भेटायला गेलो. आमचं विमान आत मोठ्या हॉलमध्ये होतं. चकचकीत, ताणलेलं, सगळीकडून एकसारखं. हे त्याच्याभोवती दोनदा फिरले आणि बाहेर आले. मग एका शिपायाने आम्हाला मागच्या कार्यशाळेत नेलं.

ती जाडी झाली होती. खादीचा कोट साडीवर घातलेला, डोळ्यांना चष्मा. आम्हाला पाहून ती अशी ओरडली की कार्यशाळेतली सगळी माणसं काम सोडून बघायला लागली. चहा मागवला. यांच्या तब्येतीची चौकशी केली, माझ्या साडीचं कापड बरं आहे म्हणाली. सौसरचं विचारलं, पण उत्तर पूर्ण व्हायच्या आत नव्या विमानाकडे वळली. ते जुनं मालवाहू विमान होतं, त्याचा एकेक पंख आमच्या घराएवढा. त्याचं शेपूट कापडाचं आहे, समुद्राच्या हवेने खाल्लं आहे, आतून दोरे बघायला पाहिजेत, असं ती सांगत राहिली. तिच्या बोलण्यात आता अर्धी हिंदी आली होती. आमच्या विमानाचं तिने नावही काढलं नाही. हॉलमध्ये गेलात का, असंही विचारलं नाही.

"रत्नमालाबाई," मी म्हटलं, "कधी या पांढुर्ण्याला."

"येते नं," ती म्हणाली. "हे झालं का येते." आणि ते शेपूट इतकं मोठं होतं की ते कधी होणार नाही हे आम्हा तिघांना दिसत होतं.

निरोप घेऊन आम्ही निघालो. हे पुढे गेले. दारातून मी एकदा मागे वळून पाहिलं. ती शेपटाच्या आडव्या पंखाशी स्टुलावर बसली होती, पाठ आमच्याकडे, वरच्या बाजूने वाकलेली. लांब सुई कापडातून खाली ढकलत होती. पंखाच्या खालच्या अंगाला कोणीतरी जमिनीवर बसलेलं होतं आणि सुई अचूक जागी वर परत करत होतं. हिने खाली ढकलली की त्याने वर द्यायची. दोघं एकमेकांना दिसत नव्हते, पण ती सारखी बोलत होती आणि खालून कोणीतरी हसत होतं.

खाली कोण बसलं होतं, ते मला दिसलं नाही. फक्त हात दिसले, सुई धरलेले. इतकी वर्षं मी तिच्या भिंतीला लागून, टेबलाला लागून राहिले होते. ते हात माझे का नव्हते, एवढंच मला त्या दारात उभं राहून वाटलं. मग यांनी हाक मारली आणि मी निघाले.